उन्हाळ्यात फ्लॉरेन्सला साहित्याचा कोर्स शिकवला: अनुभव, चुका आणि थोडी माहिती

निळी_शाई
नमस्कार मंडळी, बरेच महिने लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मी न्यू जर्सीत एका कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते. गेल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या स्टडी अब्रॉडमधून पाच आठवडे फ्लॉरेन्सला होते, बरोबर सोळा मुलं, त्यातली अकरा जणं आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पडलेली. असं काही करायच्या विचारात इथलं कुणी असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

आधी चूक सांगते, कारण ती सगळ्यात मोठी शिकवण होती. सिलॅबस मी जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, घरी बसून केला होता. दान्ते या मध्ययुगीन इटालियन कवीच्या 'डिव्हाइन कॉमेडी' महाकाव्याचे नरक, शुद्धिलोक, स्वर्ग असे तीन भाग, त्यातल्या नरकाचे चौतीसच्या चौतीस सर्ग, बोकाच्चोच्या वीस कथा, पेत्रार्कची सुनीतं, इंग्रज कवी शेली आणि ब्राउनिंग नवराबायको आणि वर एक जाडजूड कादंबरी. तास दुपारी एक ते चार. तिथल्या संस्थेने दिलेली खोली तिसऱ्या मजल्यावर, एसी नाही, आणि जुलैत फ्लॉरेन्स म्हणजे खोलगट भांड्यात बसल्यासारखं, वारा नाहीच, पारा पस्तीसच्या वर. दुसऱ्याच दिवशी एका मुलीला भोवळ आली. बुधवारी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर सिलॅबस पसरला आणि अर्ध्याहून जास्त खोडला. कादंबरी गेली, ब्राउनिंग गेले, नरकाचे दहा सर्ग ठेवले, बोकाच्चोच्या सहा कथा. तास सकाळी साडेसातला, आणि खोलीत नाही, बाहेर. नियम एकच केला, जे वाचायचं ते मोठ्याने वाचायचं, सगळ्यांनी, आळीपाळीने.

पहिला असा तास बाप्तिस्तेरोच्या, म्हणजे बाप्तिस्म्यासाठी बांधलेल्या जुन्या इमारतीच्या शेजारी घेतला. दान्तेचा बाप्तिस्मा इथलाच, आणि नरकाच्या एकोणिसाव्या सर्गात तो मधेच 'माझं सुंदर सान जोव्हान्नी' म्हणून या इमारतीची आठवण काढतो. हे लिहिताना तो शहरातून हाकललेला आहे. १३०२ च्या जानेवारीत शिक्षा झाली, मार्चमध्ये सांगितलं की परत आलास तर जिवंत जाळू. नंतर १३२१ मध्ये राव्हेन्नाला मरेपर्यंत त्याने हे शहर पाहिलं नाही. वर्गात हे मी पंधरा वर्षं सांगत आलेय. पण एका मुलाने ती ओळ वाचली आणि मान वर करून समोरच्या पांढऱ्या-हिरव्या संगमरवराकडे बघितलं, आणि नंतर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. 'माझं' या शब्दावर मला एरवी अर्धा तास बोलावं लागतं.

गृहपाठ म्हणून पाट्या दिल्या. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात भिंतींवर दान्तेच्या ओळी कोरलेल्या संगमरवरी पाट्या आहेत, तीसच्या वर असतील, ज्या जागेचा किंवा घराण्याचा उल्लेख ज्या ओळीत आहे ती ओळ त्याच जागी. प्रत्येकाने एक पाटी घ्यायची, ती शोधायची, तिथे निदान तासभर बसायचं आणि लिहायचं. एकाची पाटी कपड्यांच्या दुकानाच्या वर निघाली तर एकाची अशा गल्लीत की तो तीनदा तिच्यावरून गेला तरी त्याला दिसली नाही. या सोळा निबंधांइतकं चांगलं लिखाण मला वर्गात कधी मिळालेलं नाही.

आणि पाव. तोस्कानाचा, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांताचा पाव अळणी असतो, मीठ अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात सगळी मुलं कुरकुरली. तिसऱ्या आठवड्यात आम्ही स्वर्गाचा सतरावा सर्ग वाचला, तिथे दान्तेचा खापरपणजोबा काच्चाग्विदा त्याला पुढचं भविष्य सांगतो, की परक्याची भाकरी किती खारट लागते आणि परक्याचे जिने चढणं-उतरणं किती अवघड वाट आहे ते तुला कळेल. टीकाकार खारटचा अर्थ कडवट, दुःखाची असा लावतात आणि तो बरोबरच आहे, पण अळणी पाव खाऊन आलेल्या मुलांना तो आधी जिभेवर कळला. माझ्या वर्गातली एक मुलगी, तिची आई होंडुरासहून आलेली, वर्षानुवर्षं लोकांच्या घरी कामाला जाणारी. ती म्हणाली, "जिन्यांचं माझ्या आईला सांगायला हवं." रात्री तिने आईला फोनवर तेवढ्या तीन ओळी स्पॅनिशमध्ये करून वाचून दाखवल्या. मी दुसऱ्या दिवशी काहीच शिकवलं नाही, तीच ओळ पुन्हा वाचली.

लांबलं. बाकीचं प्रतिसादात लिहिते, कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

अक्षरवेडी
किती सुंदर लिहिलंय! जिन्यांच्या ओळीवर थांबले. मी ठाण्याला ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते, आमच्याकडे पोर्शन संपवायची घाई इतकी असते की मोठ्याने वाचणं पहिलं सुटतं. एक विचारू का, इटालियन येत नसताना भाषांतरावर शिकवणं कसं जमलं? आणि दान्ते म्हटलं की मला आपले माऊली आठवतात, काळ साधारण तोच ना?

निळी_शाई
@अक्षरवेडी, धन्यवाद. हो, तोच काळ, आणि माझ्यासाठी या पाच आठवड्यांतली सगळ्यात आतली गोष्ट तीच होती. दान्ते जन्मला १२६५ ला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९०. तिकडे विद्वानांची भाषा लॅटिन, इकडे संस्कृत. दान्तेने लोकभाषेत लिहावं हे पटवणारा ग्रंथ चक्क लॅटिनमध्ये लिहिला, कारण ज्यांना पटवायचं ते तेच वाचत होते, आणि मग महाकाव्य मात्र आपल्या बोलीत केलं. एकमेकांचं नावही माहीत नसलेली दोन माणसं जवळपास एकाच वेळी हे करतात याचा विचार करताना माझ्या अंगावर काटा येतो.

मुलांना दान्तेचा छंद समजावून देत होते. तीन तीन ओळींची कडवी, पहिली आणि तिसरी ओळ यमकात, आणि मधल्या ओळीचं यमक पुढच्या कडव्याची पहिली-तिसरी ओळ उचलते, साखळीच्या कड्या एकमेकांत अडकवल्यासारखं, असं सलग शंभर सर्ग. एका मुलाने विचारलं तुमच्या भाषेत असं काही आहे का. मी फळ्यावर ओवी लिहिली:

माझा मराठाचि बोलु कौतुकें ।
परि अमृतातेंही पैजा जिंके ।
ऐसीं अक्षरें रसिकें ।
मेळवीन ॥

तीन चरण यमकात आणि चौथा आखूड, मोकळा सोडलेला. दोनदा म्हणून दाखवली. चौथ्या चरणाला मुलं आपोआप थांबली, अर्थ माहीत नसताना! दान्तेचं यमक पुढे ढकलतं, ओवी दर वेळी जमिनीवर पाय टेकवते, हा फरक एका मुलीने स्वतःहून सांगितला. मी पुस्तकात असं कुठे वाचलेलं नव्हतं.

भाषांतराचं म्हणाल तर डावीकडे इटालियन आणि उजवीकडे इंग्रजी अशी आवृत्ती घ्या, तीच घ्या. इटालियन वाचायला सोपी, लिहिलंय तसंच बहुतेक उच्चारायचं. अर्थ इंग्रजीतून, आवाज इटालियनमधून. आमच्या घरमालकीणबाई, सत्तरीच्या पुढच्या, जिन्यात भेटल्या की मी काल काय वाचलं ते विचारायच्या आणि पुढच्या ओळी त्यांना पाठ असायच्या. तिथे लिसेओला, म्हणजे वरच्या वर्गांच्या शाळेत, तीन वर्षं दान्ते असतोच, नरक, शुद्धिलोक, स्वर्ग असा वर्षाला एक. चौथ्या आठवड्यात त्यांना वर्गात बोलावलं. पाऊण तास पाठ म्हटलं त्यांनी, कागद न बघता.

तिसरा_बाक
लेख आवडला पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. पाच आठवड्यांत, निम्मा सिलॅबस कापून, सकाळी फिरत फिरत दहा सर्ग वाचणं याला साहित्याचा अभ्यास म्हणायचं की पर्यटन? दान्ते समजायला त्याचं राजकारण, थॉमस अक्वायनस हा मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ, पोप आणि सम्राटाचं भांडण हे सगळं लागतं, त्याला टेबलखुर्ची आणि वेळ लागतो. शिवाय कम्युनिटी कॉलेजातल्या मुलांना हा खर्च झेपतो का? ज्यांना झेपत नाही त्यांनी काय करायचं?

निळी_शाई
@तिसरा_बाक, दोन्ही प्रश्न योग्य आहेत आणि दोन्ही मला टोचत होते.

खर्चाचं आधी. दोन मुलं पैशांमुळे येऊ शकली नाहीत, त्यातला एक माझ्या वर्गातला सगळ्यात मन लावून वाचणारा. त्याचं वाईट अजून वाटतं. अमेरिकेत पेल ग्रँट ही कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची सरकारी मदत मिळणाऱ्या मुलांसाठी गिलमन शिष्यवृत्ती आहे, पण अर्ज खूप आधी करावा लागतो आणि आमच्या कार्यक्रमाची तारीख ठरेपर्यंत मुदत गेली होती. पुढच्या वेळी तारीख आधीच्या उन्हाळ्यातच ठरवून घेणार. हे करणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ऑफिसच्या मागे लागून हे करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आता अभ्यास की पर्यटन. गेल्फ आणि घिबेलिन म्हणजे पोपच्या आणि सम्राटाच्या बाजूचे दोन पक्ष, मग गेल्फांमधलेच काळे आणि पांढरे गट, हे मी वर्गात आकृती काढून शिकवते आणि परीक्षेनंतर मुलं विसरतात. इथे काय केलं ते सांगते. सांता क्रोचे चर्चमध्ये दान्तेची मोठी संगमरवरी समाधी आहे, १८२९ ची, रिकामी. मुलांना नुसतं विचारलं, रिकामी का? दोन दिवस त्यांनी शोधलं. मग शनिवारी पहाटेच्या गाडीने राव्हेन्नाला गेलो, फाएंत्साला गाडी बदलून. खरी समाधी तिथे, छोटीशी, आत दिवा जळतो आणि त्या दिव्याचं तेल दर वर्षी फ्लॉरेन्स पाठवतं. १५१९ मध्ये मेदिची घराण्यातल्या पोपने, दहाव्या लिओने, अस्थी फ्लॉरेन्सला न्यायची परवानगी दिली तेव्हा राव्हेन्नाच्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्या आधीच काढून लपवून ठेवल्या होत्या, त्या सापडल्या थेट १८६५ मध्ये. आणि फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने त्याची शिक्षा रद्द करायचा ठराव केला २००८ साली! परतीच्या गाडीत मुलं पोप, सम्राट आणि नगरराज्यांवर भांडत होती, मी एक शब्द बोलले नाही. आकृती त्यांनीच काढली, नॅपकिनवर.

अक्वायनस राहिला, खरंय. तो घरी येऊन सप्टेंबरच्या वर्गात घेतला, आणि जी मुलं जाऊन आली होती ती तिथे वेगळीच दिसत होती. जागा बघून आलं की टेबलखुर्चीची भूक लागते असं माझं मत झालंय. उलट क्रमाने मी पंधरा वर्षं करून बघितलं.

तिसरा_बाक
रिकाम्या समाधीचं पटलं. माझा आक्षेप निम्मा मागे घेतो, अक्वायनसपुरता ठेवतो.

सायंतारा
बोकाच्चोच्या कथांबद्दल लिहा ना थोडं. प्लेगच्या वेळच्या ना त्या? कोव्हिडनंतर शिकवताना काय वाटलं?

निळी_शाई
@सायंतारा, हो, १३४८ चा प्लेग. सात मुली आणि तीन तरुण, शहर सोडून टेकडीवर जातात आणि दहा दिवस रोज दहा कथा, एकूण शंभर. ते भेटतात सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये, मंगळवारी सकाळी. मी मुद्दाम मंगळवार सकाळच ठेवली. ही मुलं नववी-दहावीत असताना शाळा स्क्रीनवर होती. सुरुवातीचं प्लेगचं वर्णन, शेजारी शेजाऱ्याला टाळतो, आईबाप मुलांजवळ जात नाहीत, हे वाचताना एका मुलाचा आवाज अडकला. त्याचे आजोबा २०२० मध्ये गेले, निरोप फोनवर घेतलेला. पुढचं पान शेजारच्या मुलीने न सांगता वाचायला घेतलं. संध्याकाळी सात नंबरच्या बसने फिएझोलेला गेलो, टेकडीवर, खाली सगळं शहर, आणि प्रत्येकाने एक एक गोष्ट सांगितली, घरची, गावची, कुठलीही. त्या दिवशी समीक्षा वगैरे काही घेतलं नाही.

पणजीकर
छान धागा. गोव्याचा एक धागा जोडतो. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी, जन्म १५४०, मिऱ्यांच्या व्यापारासाठी भारतात आला आणि १५८८ मध्ये गोव्यात वारला. त्याने फ्लॉरेन्सच्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांतलं साम्य टिपलंय, देव आणि दीओ, सर्प आणि सेर्पे, आणि सात आठ नऊ हे आकडे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडणारं विल्यम जोन्सचं प्रसिद्ध भाषण १७८६ चं, म्हणजे हा दोनशे वर्षं आधी. तुमच्या कोर्सात ही पत्रं बसतील बघा, प्रवासी साहित्य म्हणून.

निळी_शाई
@पणजीकर, अहो हे मला माहीत नव्हतं! बाजारात सान्त'आम्ब्रोजोला भाजी घेताना सेत्ते, ओत्तो, नोव्हे ऐकून मी मनात सात, आठ, नऊ म्हणायचे, आणि चारशे वर्षांपूर्वी त्याच शहरातल्या माणसाने उलट बाजूने हेच ऐकलं होतं. पुढच्या सिलॅबसमध्ये नक्की घेतेय. मनापासून आभार.

एच_वन_बी
मॅडम, प्रॅक्टिकल प्रश्न. मी टेक्सासला आहे, इंडियन पासपोर्ट. आमच्या डिपार्टमेंटने रोमला सहा आठवडे जाल का विचारलंय. व्हिसाचं काय?

निळी_शाई
माझा अमेरिकन पासपोर्ट आहे त्यामुळे १८० दिवसांत ९० दिवस शेंगेनमध्ये, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, व्हिसाशिवाय राहता येतं. नवऱ्याचा भारतीय, त्याला दोन आठवडे यायचं होतं तरी शेंगेन व्हिसा काढावा लागला, ग्रीन कार्ड असूनही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हाच करा, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं. पण तुम्ही तिथे शिकवणार, म्हणजे नुसता पर्यटकाचा व्हिसा चालेल असं गृहीत धरू नका. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून आणि तुमच्या भागातल्या इटालियन कॉन्सुलेटकडून लेखी घ्या, आणि पासपोर्टवरचं एच वन बी स्टॅम्पिंग (अमेरिकेचा कामाचा व्हिसा) संपलेलं असेल तर परत येतानाचं वकिलाला आत्ताच विचारा.

रोमला जातच असाल तर स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांना लागून इंग्रज कवी कीट्स राहत होता ते घर आहे, तो १८२१ ला तिथेच वारला, पंचविसाव्या वर्षी. ती खोली बघितल्यावर त्याच्या कविता वाचायला घ्या, आधी नको. आणि ऑगस्टचा मधला आठवडा टाळा, १५ ऑगस्टला फेर्रागोस्तोची सुट्टी, निम्मी दुकानं बंद.

कोल्हापुरी_साज
ताई, फ्लॉरेन्सला राहून आलात आणि आमच्या राजाराम महाराजांबद्दल एक ओळ नाही? गेला होतात का तिथे?

निळी_शाई
@कोल्हापुरी_साज, गेले होते, आणि ते राखून ठेवलं होतं कारण त्यावर नीट लिहायचं होतं. आता लिहितेच.

शेवटच्या आठवड्यात शेलीची पश्चिम वाऱ्यावरची कविता होती. ती त्याने १८१९ मध्ये फ्लॉरेन्सजवळ आर्नोकाठच्या रानात लिहिली असं त्याने स्वतःच टिपेत म्हटलंय, ते रान म्हणजे आजचं काशिने पार्क. आणि ती कविता दान्तेच्याच साखळीच्या छंदात आहे, चार त्रिपद्या आणि शेवटी दोन ओळी, अशी पाच कडवी. म्हणजे इंग्रज कवी दान्तेच्या गावी येऊन दान्तेचा छंद उचलतो. म्हणून तास काशिनेत. मंगळवारी तिथे मोठा बाजार भरतो म्हणून गुरुवारी गेलो. कविता झाडाखाली वाचली, सोळा जणांनी ओळी वाटून घेऊन.

मग मी म्हटलं, आता माझ्याबरोबर पार्कच्या दुसऱ्या टोकापर्यंत चला. तीनेक किलोमीटर सरळ पश्चिमेला, जिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. तिथे नक्षीदार छत्री आहे आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या, रंगवलेल्या अर्धपुतळ्यात कोल्हापूरचे राजाराम महाराज. इंग्लंडहून परत येताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्येच वारले, वय वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. दहनाची तिथे रीतच नव्हती, तरी परवानगी मिळाली आणि दोन पाण्यांच्या संगमावर, रात्री, अग्नी दिला. स्मारक १८७४ चं. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावच 'पोन्ते आल्'इंदियानो', भारतीयाचा पूल. रोज हजारो लोक तो ओलांडतात.

आणि महाराजांनी प्रवासात इंग्रजीत डायरी लिहिली होती, ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. कोर्सचं शेवटचं वाचन तेच ठेवलं होतं. त्यातली पानं मुलांनी त्या छत्रीसमोर वाचली. वीस वर्षांच्या मुलाने लिहिलेलं, वीस वर्षांच्या मुलांनी. कोर्सभर आपण परक्या गावी मेलेल्या, हाकललेल्या लोकांना वाचत होतो, दान्ते राव्हेन्नाला, शेली समुद्रात बुडून, आणि इथे माझ्या प्रांतातला एक मुलगा. मला पुढे बोलता येईना. होंडुरासवाली ती मुलगी जवळ येऊन उभी राहिली. आदल्या रात्री मी पिशवीत थोडी फुलं घेतली होती, ती वाहिली, मराठीत नमस्कार केला आणि परत फिरलो.

कोल्हापुरी_साज
ताई, डोळ्यात पाणी आलं. मी राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. पाच वर्षं त्या नावाखालून आत-बाहेर केलं पण महाराज वीस वर्षांचे होते हे आज उमगलं, आम्ही पोरं आत जाताना त्याच वयाची. डायरीबद्दल ऐकून होतो, वाचली नाही. आता वाचतो.

डोंगरवाटा
याच संदर्भात, मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात मोंतोने गावी नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे, सूर्यघड्याळाच्या रूपात, २०२३ मध्ये झालं. मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४ ला वरच्या तिबेर खोऱ्यात धारातीर्थी पडले, वय बावीस, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. फ्लॉरेन्सहून एका दिवसात जाऊन येता येईल.

निळी_शाई
@डोंगरवाटा, वहीत लिहून घेतलं. युद्धकविता कोर्सात आणायची तर ही जागा हवीच.

अक्षरवेडी
ताई, तुमचं वाचून आज बारावीच्या वर्गात पोर्शन बाजूला ठेवला आणि तीच ओवी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतली. चौथ्या चरणाला आमची पोरंही थांबली. डिसेंबरच्या सहलीचं ठिकाण अजून ठरायचंय, मी मुख्याध्यापकांकडे नेवाशाचं नाव देतेय, ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या पैस खांबापाशी बसून वाचायला. तुमच्या पाट्यांच्या गृहपाठाचा कागद पाठवाल का? मराठीत करून घेईन.

निळी_शाई
@अक्षरवेडी, आज रात्रीच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. दोन बदल करा, तासभर एके जागी बसायची अट अजिबात काढू नका, आणि फोटो काढायला पहिली वीस मिनिटं मनाई ठेवा.